सर्वनामाची चूक

(सौदी अरेबियातलं खमीस मुशैत शहर. दुपारची वेळ, इंग्रजीची शिकवणी. शरीफा आणि तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी चिनी विद्यार्थिनी यिंग इंग्रजीत बोलत आहेत. इथं ते बोलणं मराठीत दिलं आहे, यिंगच्या चुकांसकट.)

शरीफा : दुसरी छत्री बायकोची म्हणून कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखव.

यिंग : लिहिलं नाही, टीचर. मला माहीत.

शरीफा : तुला कसं माहीत?

यिंग : मिस्टर ग्रीन एक. छत्री दोन. मग बायको.

शरीफा : अगं, उताऱ्यात बायको आहेच कुठं? हा माणूस रोज दोन छत्र्या घेऊन घराबाहेर पडतो, बस पकडतो, ऑफिसला जातो. संपला उतारा.

यिंग : बायको मरते.

शरीफा : मारूनच टाकलीस?

यिंग : आधी मरते. छत्री राहते. मिस्टर ग्रीन ऑफिस जातो, घरात छत्री एकटी. म्हणून बरोबर घेतो.

शरीफा : गोष्ट छान आहे. मार्क शून्य. चौथा पर्याय वाच.

यिंग : 'उताऱ्यात सांगितलेलं नाही.'

शरीफा : हेच उत्तर. नीट लक्षात ठेव, यिंग. उताऱ्यात असेल तेवढंच लिहायचं. आपल्या मनातलं त्यात घालायचं नाही. परीक्षेत सगळ्यांचे मार्क तिथंच जातात.

यिंग : हे उत्तर वाईट. मिस्टर ग्रीनला कोणी विचारत नाही.

शरीफा : आणि 'मरते' नाही, 'मेली'. झालेली गोष्ट आहे ना?

यिंग : आमच्याकडे काल मरते, आज मरते, उद्या मरते. शब्द एक.

शरीफा : सोपं आहे तुमचं. घे, खजूर घे. चहा गार होतोय.

यिंग : हारून साहेब चहा पित नाही? ती दुकानात?

शरीफा : ती! बाई केलीस माझ्या नवऱ्याची! दाढीवाली बाई!

यिंग : सॉरी, सॉरी! मी नेहमी चुकते.

शरीफा : हारून म्हणजे 'तो'. तो दुकानात आहे. म्हण.

यिंग : तो दुकानात आहे. तो. तो. आता लक्षात ठेवते. टीचर, तुम्ही इंग्रजी लहानपणी शिकता?

शरीफा : 'शिकलात'. छे गं. लहानपणी मी हर्णैच्या बंदरावर मासळी निवडत होते. चौथीनंतर शाळा सुटली. इंग्रजी शिकले ती मुलीच्या पुस्तकांतून. लाइबा पहिलीत, मी पहिलीत. लाइबा दुसरीत, मी दुसरीत. आठवीत गेल्यावर म्हणाली, अम्मी, आता तू नको येऊ, तू मागं राहतेस.

यिंग : तुम्ही मागं राहता?

शरीफा : नाही राहिले. हळूहळू पुढं गेले, एवढंच. चल, आता तोंडी. घरातल्या एका माणसाविषयी पाच-सहा वाक्यं. आणि नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही. नावाच्या जागी काय घालतात?

यिंग : सर्वनाम.

शरीफा : शाबास. बोल.

यिंग : तो... तो आधी खूप बोलतो. रात्री माझ्याजवळ झोपतो, माझा हात धरतो. आता तो बोलत नाही.

शरीफा : छान. म्हणजे वाक्यं छान आहेत. पुढं?

यिंग : मी फोन करते. विचारते, जेवण झालं? तो म्हणतो, हं. मग फोन ठेवतो, दुसऱ्या खोलीत जातो. तिथे एक बाई आहे.

शरीफा : बाई?

यिंग : माझ्यापेक्षा मोठी बाई. तो त्या बाईच्या हातचं खातो. त्या बाईजवळ झोपतो. माझं ऐकत नाही, बाईचं ऐकतो.

शरीफा : यिंग... कधीपासून?

यिंग : मी सौदी येते, तेव्हापासून. आधी थोडं. आता पूर्ण. मला वाटतं, तो मला विसरतो. पाच वाक्यं झाली, टीचर?

शरीफा : झाली. पुरे झाली. रडू नको. इकडे ये.

यिंग : क्रियापद चुकतं?

शरीफा : चुकू दे. आज चुका काढायच्या नाहीत.

* * *

शरीफा : अहो, ऐकताय का?

हारून : हं.

शरीफा : वरची यिंग. तिचा नवरा गाओ, बोगद्याच्या कामावर असतो बघा, आठवडाभर तिकडेच राहतो—

हारून : हं.

शरीफा : त्यानं दुसरी बाई ठेवलीय.

हारून : मीठ दे.

शरीफा : मीठ काय? मी काय बोलले?

हारून : बाई. ऐकलं. पण मीठ नाय आमटीत.

शरीफा : यिंगपेक्षा वयानं मोठी आहे म्हणे. तिच्याच हातचं खातो. यिंगनं फोन केला की नुसतं 'हं' म्हणतो आणि आत निघून जातो.

हारून : कामगारांच्या कँपात बाई? चेकपोस्टवरनं नेईल कसा तो? पाण्याच्या टाकीत घालून?

शरीफा : तिनं स्वतः सांगितलं मला. रडली माझ्या खांद्यावर. पोर ना बाळ. पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी, तुला मूलबाळ नाही का गं? 'नाही' म्हणाली. चेहरा एवढासा झाला होता. मग मी परत तो विषय काढला नाही. वरच्या मजल्यावर एकटी भिंतीकडे बघत बसते. ती कुठल्याशा इंग्रजी शाळेची परीक्षा देतेय. नोकरीसाठी असणार. नवरा असा म्हटल्यावर पायावर उभं राहायला नको?

हारून : तू त्यांच्या मध्ये पडू नको.

शरीफा : मग कोण पडणार? इथं तिला आहे कोण?

हारून : हे बघ. बोगद्याच्या गाड्यांचे फिल्टर, ब्रेक, सगळं माझ्या दुकानातनं जातं. चायनावाले गिऱ्हाईक आहेत. उद्या तो गाओ बोंब मारेल, ज्याच्या नावावर दुकान आहे त्या कफीलच्या कानावर जाईल. तोंड मिटून बस.

शरीफा : बघा, किती बोललात! महिन्याभराचं एकदम. गिऱ्हाईकाचं नाव निघालं म्हणून.

हारून : हं.

* * *

हारून : पुस्तकं उचललीस कशाला टेबलावरनं?

शरीफा : कोण येणार आहे शिकायला?

हारून : का? ती येत नाय?

शरीफा : गेल्या शुक्रवारपासून नाही. दार वाजवलं. आत चपलांचा आवाज येतो, दार काही उघडत नाही.

हारून : तू काय केलंस?

शरीफा : काही नाही.

हारून : शरीफा.

शरीफा : जिन्यात भेटला मला तो. गाओ. भाजीच्या पिशव्या घेऊन चालला होता. मी म्हटलं, मिस्टर गाओ, एक मिनिट. त्याला इंग्रजी धड येत नाही. त्यानं तो भाषांतराचा फोन माझ्या तोंडासमोर धरला. मग मी बोलले.

हारून : फोनमध्ये?

शरीफा : फोनमध्ये. म्हटलं, तुझी बायको रडते. ती मोठी बाई सोड. जिच्या हातचं खातोस ती. फोन चिनीत काय बोलला अल्ला जाणे. तो माणूस आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पिशवीतली वांगी जिन्यावरनं खाली गेली, तीसुद्धा उचलली नाहीत त्यानं.

हारून : सांगितलं होतं तुला मी.

शरीफा : तेवढं एक वाक्य तुम्हाला पाठ आहे.

हारून : आता झालं ते झालं. टीव्ही लाव.

शरीफा : टीव्ही माझ्याशी बोलतो का? सकाळी तुम्ही जाता. पाणीवाला बाटली दाराशी ठेवून जातो, घंटीसुद्धा वाजवत नाही. लाइबाला फोन केला तर, अम्मी, मीटिंगमध्ये आहे. या घरात माझा आवाज मला ऐकू आला तर दचकायला होतं. ती पोरगी यायची, चुकीचं बोलायची, मी नीट करून द्यायचे. तेवढंच बोलणं होतं माझं. ते पण घालवलं मी.

हारून : येईल.

शरीफा : तुम्हाला काय माहीत?

हारून : माहीत नाय. येईल.

* * *

यिंग : टीचर, मी आत येऊ?

शरीफा : यिंग! ये, ये. विचारतेस काय. बस. मी... आधी मला बोलू दे. जिन्यात मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तुमच्या दोघांचं आहे ते.

यिंग : तुम्ही गाओला सांगता, 'आईला सोड.'

शरीफा : आई? मी आईचं नाव कुठं काढलं?

यिंग : फोन चिनीत तसं म्हणतो. 'बायको रडते. वयस्कर बाईला सोड. त्या बाईचं जेवण खाऊ नको.' वयस्कर बाई म्हणजे गाओची आई. गाओ घरी येतो, विचारतो, टीचर माझ्या आईला वाईट का बोलते? माझी आई काय करते टीचरला?

शरीफा : त्याच्या आईचा इथं काय संबंध? मी म्हणत होते ती दुसरी... तू म्हणालीस ना, तो तिच्याजवळ झोपतो.

यिंग : हो. झोपतो. आजीजवळ.

शरीफा : गाओ आजीजवळ झोपतो?

यिंग : गाओ नाही! तो! तिंगतिंग!

शरीफा : तिंगतिंग कोण?

यिंग : माझी मुलगी.

शरीफा : मुलगी.

यिंग : नऊ वर्षं. चीनमध्ये. गाओच्या आईकडे.

शरीफा : मुलगी म्हणजे 'ती', यिंग! ती बोलत नाही, ती दुसऱ्या खोलीत जाते! तू सगळा वेळ तो, तो, तो...

यिंग : तुम्ही म्हणता, 'ती' नाही, 'तो'. हारून साहेब तो. मी लक्षात ठेवते. सगळीकडे 'तो' घालते. आमच्या बोलण्यात दोन नाही, टीचर. पुरुष पण 'था', बाई पण 'था'. कानाला एक.

शरीफा : पण मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुला. तुला मूलबाळ नाही? तू 'नाही' म्हणालीस!

यिंग : हो. तुम्ही म्हणता, मूल नाही. मी म्हणते, नाही, तसं नाही. तुम्ही चूक. मूल आहे.

शरीफा : या अल्ला. आम्ही 'नाही' म्हटलं की नसतं गं.

यिंग : मला वाटतं, टीचर कधी मुलीचं विचारत नाही. टीचरला माझी मुलगी आवडत नाही.

शरीफा : मी तुला वाईट वाटेल म्हणून विचारत नव्हते!

यिंग : आणि तुम्ही मला सांगता, मनातलं उत्तर लिहू नको. मिस्टर ग्रीनची बायको नाही. मग तुम्ही गाओची दुसरी बायको कुठून आणता? उताऱ्यात आहे?

शरीफा : नाही. उताऱ्यात नाही. हस, हस. मला शून्य मार्क.

यिंग : मी हसत नाही. थोडं हसते. टीचर, तुम्हाला नवराच का वाटतो?

शरीफा : कारण तू म्हणालीस, विचारलं जेवण झालं का, तर तो म्हणतो 'हं'. मला दुसरा कोणी सुचलाच नाही. माझ्या घरात तेच उत्तर येतं.

यिंग : तो?

शरीफा : तो. आता बरोबर बोललीस.

यिंग : गाओ खूप रागावतो. एक दिवस बोलत नाही. मग बोलतो. म्हणतो, तू मुलीसाठी रडते, टीचरला सांगते, मला सांगत नाही. मी म्हणते, तू बोगद्यात. मग आम्ही बोलतो. खूप. दोन वर्षं बोलत नाही, तेवढं. वांगी जिन्यात सगळी खराब.

शरीफा : बरं झालं. वांगी गेली तर गेली. म्हणजे आता सगळं ठीक?

यिंग : ठीक नाही. टीचर, मी एक गोष्ट विचारायला येते. मी परीक्षा कशासाठी देते, तुम्हाला माहीत?

शरीफा : नोकरीसाठी ना?

यिंग : नाही. मुलीची शाळा. इथली इंग्रजी शाळा आईला बोलावते, आईला वाचायला देते, प्रश्न विचारते. आई पास, मग मुलीला घेतात. मी पास होते, तिंगतिंग इथे येतो... येते. ती येते. पण ती म्हणते, येणार नाही. आजी सोडणार नाही. गाओ म्हणतो, तू घरी जा. इकामा, इथला राहायचा परवाना, रद्द करू. मी इथे काम पूर्ण करतो, तू मुलीजवळ राहा. मी म्हणते, जाते तर दोन वर्षं शिकते ते फुकट. राहते तर परीक्षा पास, मग मुलगी हळूहळू येते. रात्रभर ठरत नाही. मग गाओ म्हणतो, टीचरला विचार.

शरीफा : मला? जिन्यात त्याचा एवढा अपमान केला मी, आणि मला विचार म्हणतो?

यिंग : म्हणतो, टीचर उतारा चुकीचा वाचते, पण तू रडते ते बरोबर वाचते. सांगा, टीचर. राहू की जाऊ?

शरीफा : परीक्षेत तू पास होशील. छत्रीचा उतारा सोडला तर तुझं सगळं येतं आता. आणखी दोन-तीन महिने रोज बसलो तर... रोज आलीस तर नक्की होशील.

यिंग : मग राहू?

शरीफा : थांब. चहा ठेवते.

यिंग : चहा नको. सांगा.

शरीफा : माझा थोरला मुलगा उमैर. त्याचं नाव मी तुझ्यासमोर फार घेतलं नाही ना?

यिंग : लाइबाचं घेता. उमैरचं नाही.

शरीफा : तेव्हा इथं आपली भारतीय शाळा नव्हती. त्याला हर्णैला सासूबाईंकडे ठेवला. म्हटलं, दुकानाचा जम बसला की आणू. दहा वर्षांचा झाल्यावर आणला. विमानतळावर मी हात पुढं केला तर तो मला म्हणाला, 'काकी, बॅग मी घेतो.'

यिंग : काकी काय?

शरीफा : चुलत्याची बायको. तिकडे घरातली सगळी पोरं मला काकी म्हणायची, तो पण तेच शिकला. मग शिकवलं आम्ही त्याला, अम्मी म्हण. म्हणायला लागला. चांगला मुलगा आहे. मस्कतला असतो. दर शुक्रवारी फोन करतो, एकदाही चुकवत नाही. पण मला 'तुम्ही' म्हणतो.

यिंग : 'यू'?

शरीफा : इंग्रजीत एकच 'यू'. आमच्यात दोन आहेत. जवळच्या माणसाला 'तू', परक्याला, मोठ्याला 'तुम्ही'. लाइबा मला तू म्हणते, भांडते, फोन आपटते. उमैर विचारतो, 'तुम्ही कशा आहात?' डॉक्टरला विचारावं तसं. आजीला मात्र शेवटपर्यंत 'तू' म्हणाला.

यिंग : टीचर. चिनीत पण दोन. 'नी' आणि 'निन'. जवळचा 'नी'. पाहुणा 'निन'.

शरीफा : हो?

यिंग : मागच्या महिन्यात तिंगतिंग फोनवर मला 'निन' म्हणते. मला वाटतं, शाळेत चांगलं वळण लावतात. मी गाओला सांगते, बघ, मुलगी किती सभ्य.

शरीफा : जा, यिंग.

यिंग : तुम्ही आत्ता म्हणता, मी पास होते.

शरीफा : होशील. तरी जा. ती 'तू' म्हणेपर्यंत तिथंच राहा. भांडली तर भांडू दे.

यिंग : इंग्रजी विसरते मी मग. गावात कोणी बोलत नाही.

शरीफा : विसर.

यिंग : आणि तुम्ही दुपारी काय करता?

शरीफा : मी? मला काय कमी कामं आहेत. भांडी आहेत, फ्रिज पुसायचा आहे. तू तिकिटाचं बघ आधी. अभा शहरातून विमान आहे ना? लोकरीचं घेऊन जा अंगावर, तिकडे थंडी असेल.

यिंग : टीचर, तुम्ही रडता.

शरीफा : 'रडता आहात'. चालू वर्तमानकाळ.

* * *

हारून : चायनावाल्यांच्या बॅगा गेल्या ना आज? वॉचमन म्हणत होता.

शरीफा : हो.

हारून : गाओ एकटाच राहील आता वर?

शरीफा : तो कँपावर राहणार. खोली सोडली त्यांनी.

हारून : हं.

शरीफा : भात वाढू?

हारून : वाढ. ... माकड आलं होतं दुकानात.

शरीफा : काय?

हारून : माकड. मोठं, मानेला आयाळ असलेलं, डोंगरावरनं उतरतात तसलं. काउंटरवर येऊन बसलं. मी बिल करत होतो, मला वाटलं गिऱ्हाईक. मान वर न करता विचारलं, काय पाहिजे?

शरीफा : माकडाला विचारलंत?

हारून : अरबीतनं. नंतर वर बघितलं. तर त्यानं फॅनबेल्ट उचललान, टोयोटाचा, नवा. आणि गळ्यात घातलान. माळ घालतात तसा. दुकानातला पोऱ्या कादिर झाडू घेऊन धावला. तर झाडू पण ओढून घेतलान.

शरीफा : मग?

हारून : मग काय. रस्त्यात गाड्या थांबल्या. एक सौदी म्हातारा गाडीतनं उतरून टाळ्या वाजवायला लागला. माकड झाडू टाकून गेलं निघून.

शरीफा : बेल्ट?

हारून : गळ्यातच. डोंगरात गेला बेल्ट. संपलं. एवढंच.

शरीफा : हं.

हारून : तू 'हं' म्हणू नको. काय तरी विचार.

शरीफा : ते आलं कुठल्या बाजूनं, ते नाही सांगितलंत.